मदत हवी आहे: कॅस्पेज-८ हे प्रथिनं कापणारं विकर अडवलं तर पेशी वाचते की फुटते?

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी प्राणिशास्त्राला आहे, गाव आर्णीच्या पुढे, जिल्हा यवतमाळ. शनिवारी सेमिनार आहे आणि एका जागी पक्की अडकले आहे.

अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचं ठरवून शांतपणे मरणं, कळतं: पेशी आकसते, तिचे तुकडे शेजारच्या पेशी गिळतात, दाह होत नाही. नेक्रोप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशी फुटून मरते तेव्हा, आरआयपीके-३ हे विकर एमएलकेएल या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, एमएलकेएल पेशीपटल फोडतं आणि आतलं सगळं बाहेर सांडून दाह होतो. बाबांना सांगताना बीटी कपाशीचा दाखला दिला. त्यातलं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या पेशींना भोकं पाडतं, त्या फुगून फुटतात. बाबा म्हणाले, "म्हणजे इथं पेशी सोताच सोताले भोक पाडते?" नेमकं तेच!

आता अडचण. कॅस्पेज-८ अपॉप्टोसिस सुरू करतं, आणि तेच आरआयपीके-१ व ३ कापून नेक्रोप्टोसिस दाबून धरतं. कॅस्पेज-८ नसलेले उंदीर गर्भातच, साडेदहाव्या दिवसाच्या सुमारास मरतात. सोबत आरआयपीके-३ही काढलं तर जगतात, हे २०११ मध्ये दिसलं. वाचून अंगावर काटा आला. पण सी-फ्लिप हे प्रथिनही कॅस्पेज-८ला अडवतं ना? मग ते वाढलं की नेक्रोप्टोसिस वाढायला हवं. एका लेखात ते दोन्ही मरणं थांबवतं, दुसऱ्यात नेक्रोप्टोसिसला वाट देतं. कापसाच्या काटापट्टीमागे बाण काढून काढून जागा उरली नाही. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
ताई, दोन्ही लेख बरोबर आहेत, कारण फ्लिप एक नाही. लांब फ्लिप कॅस्पेज-८शी जोडी करतं तेव्हा कॅस्पेजची कात्री थोडी चालू राहते: आरआयपीके-१ कापण्यापुरती, पेशी मारण्याइतकी नाही. म्हणून पेशी जगते. आखूड फ्लिप ती कात्री पुरती बंद करतं, मग नेक्रोप्टोसिसची वाट मोकळी. ही दुसरी वाट उगाच नाही. व्हॅक्सिनियासारखे विषाणू कॅस्पेज अडवतात, तेव्हा ती कामी येते. लेखांत एल (लांब) आहे की एस (आखूड), ते बघा.

धागाकर्ती
बघितलं! पहिल्यात एल, दुसऱ्यात एस. खूप आभार, दादा. जनुकं चालू करणारं एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन फ्लिप वाढवतं हेही सापडलं. पण एल आणि एस यांचं प्रमाण पेशी कुठे ठरवते, आरएनएचे तुकडे जोडतानाच का? यावर सोप्या भाषेतलं काही असेल तर सांगा. रात्री दहानंतर इथं रेंज बरी असते, तेव्हा वाचेन.