ठरावीक दराचा वीज-गॅस करार मुदतीआधी सोडावा का?

प्रश्न: ब्रिटनमध्ये आमचा वीज आणि गॅसचा ठरावीक दराचा करार संपायला अजून काही महिने आहेत. दुसरीकडे स्वस्त दर मिळत असला, तरी मुदतीआधी बाहेर पडल्यास शुल्क भरावे लागेल. थांबावे का?

उत्तर १: प्रथम करार संपण्याची तारीख पाहा. ऑफजेम या नियामकाच्या नियमानुसार अखेरच्या ४९ दिवसांत कंपनी बदलल्यास हे शुल्क आकारता येत नाही. त्याआधी बाहेर पडायचे असेल, तर शुल्क बहुधा वीज आणि गॅस यांसाठी वेगवेगळे लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणजे प्रत्येकी ५० पौंड असल्यास १०० पौंड जातील आणि उरलेल्या महिन्यांत त्याहून अधिक बचत होणार असेल, तरच बदल परवडेल. हा हिशेब मासिक हप्त्यावरून मुळीच करू नका, कारण हप्ता वर्षभराच्या सरासरीने ठरतो, तर गॅस मुख्यतः हिवाळ्यात जळतो. त्या महिन्यांचा युनिटमधील वापर, युनिटचा दर आणि रोजचा स्थिर आकार, तिन्ही धरा.

उत्तर २: सध्याच्या कंपनीलाही जरूर विचारा, तिच्याच दुसऱ्या योजनेत गेल्यास काही कंपन्या शुल्क माफ करतात. नवा करार केल्यावर १४ दिवसांत तो विनाशुल्क रद्द करता येतो. बदलाच्या दिवशी मीटरवरील आकड्याचे छायाचित्र काढून ठेवा, म्हणजे अखेरच्या बिलावरून वाद होणार नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उन्हाळ्यात गॅस फारसा लागत नसल्याने, शेवटचे ४९ दिवस सुरू होईपर्यंत थांबणेच आम्हांला योग्य वाटते.