रिझ्युमे कोणासाठी लिहायचा: साहेबासाठी की सॉफ्टवेअरसाठी?

कोपरीकर
मंडळी, वय ४७. रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत १९ वर्षं स्टोअर्स आणि परचेस सांभाळलं. प्लांट गुजरातला हलला, मी कोपरीतच राहिलो. चार महिन्यांत साठेक ठिकाणी अर्ज टाकले. एका ठिकाणी रात्री ११ वाजता अर्ज भरला आणि ११ वाजून ४ मिनिटांनी 'आपली निवड होऊ शकली नाही' असा मेल. चार मिनिटं तर मला चष्मा शोधायला लागतात.

भाचा आयटीत आहे. त्याने माझ्या रिझ्युमेच्या पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला. म्हणाला, मामा, कंपन्यांच्या अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला तुम्ही असे दिसता. डावीकडचा निळा पट्टा आणि उजवीकडचा मजकूर एकमेकांत घुसलेला: 'परचेस विवाहित २००६ वाचनाची आवड वेंडर'. (हा रिझ्युमे स्टेशनजवळच्या जेरॉक्सवाल्याने करून दिला होता. त्याच्याकडे साचा एकच. अर्ध्या ठाणे पूर्वेचे रिझ्युमे जुळी भावंडं असणार.) आणि ११ वर्षं एसएपी या कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एमएम, म्हणजे खरेदी आणि मालसाठ्याच्या, मॉड्यूलवर काम करून मी लिहिलं काय होतं, तर 'संगणकाचे ज्ञान'.

आता एकच कॉलम. टेबल नाही, फोटो नाही, कौशल्यांपुढचे तारे नाहीत. मोबाइल नंबर हेडरमधून काढून मजकुरात आणला, कारण काही सॉफ्टवेअर वर्डचं हेडर वाचतच नाहीत म्हणे. जाहिरातीत 'इन्व्हेंटरी मॅनेजमेंट' असेल तर मीही तेच लिहितो. तीन आठवड्यांत तीन फोन आले. मशीनला कळेल असं लिहिण्यात कमीपणा नाही, असं माझं आता मत झालंय. तुम्ही काय म्हणता?

तळ्याकाठी
अजिबात पटलं नाही. तुमचा राग नाही, पण हे सभ्य भाषेतलं खोटं बोलणं आहे. महापेला आमच्याकडे मी मुलाखती घेतो. गेल्या दोन वर्षांत आलेला प्रत्येक रिझ्युमे छापाच्या गणपतीसारखा. सगळेच 'सप्लाय चेन प्रोफेशनल'. समोर बसवून विचारावं, थ्री-वे मॅच म्हणजे काय, तर पंख्याकडे बघतात. पूर्वी 'स्टोअर्सकीपर' लिहिलेला माणूस यायचा आणि त्याला गोदामातला नट न् नट ठाऊक असायचा.

भरती_ओहोटी
ऐरोलीत नऊ वर्षं रिक्रूटमेंट करतेय, म्हणून दोघांनाही थोडं थोडं टोकते.

'७५ टक्के रिझ्युमे सॉफ्टवेअरच फेकून देतं' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यामागे कुठलाही अभ्यास नाही. माग काढत गेलं की रिझ्युमे सुधारून द्यायचा धंदा करणाऱ्या, केव्हाच बंद पडलेल्या एका अमेरिकन कंपनीपाशी वाट संपते. एटीएस, म्हणजे हे अर्ज सांभाळणारं सॉफ्टवेअर, बहुतेक ठिकाणी आवक-जावक रजिस्टरच असतं. अर्ज नोंदवायचा, नाव-अनुभव-शिक्षण वेगवेगळ्या रकान्यांत टाकायचं, मागितलं की शोधून द्यायचं.

खरी गोष्ट वेगळीच आहे. मी नोकरी डॉट कॉमच्या डेटाबेसमध्ये 'एसएपी एमएम', 'इन्व्हेंटरी', १० वर्षांच्या वर, ठाणे किंवा नवी मुंबई, नोटीस एक महिन्याच्या आत असं टाकते. ८०० नावं येतात. मी पहिली पन्नास बघते, दुपारी चारपर्यंत साहेबांना यादी हवी असते. अलीकडे प्रोफाइल उघडलेले वर येतात. कोपरीकर, 'संगणकाचे ज्ञान' लिहिणारा माणूस नाकारला जात नाही, तो मला दिसतच नाही. तळ्याकाठी, तुमचा तो नट न् नट जाणणारा स्टोअर्सकीपरही याच ८०० च्या बाहेर बसलाय.

आणि चार मिनिटांतला नकार रिझ्युमेचा नसतो. अर्जातल्या प्रश्नांचा असतो: नोटीस किती, शिफ्ट चालेल का, पगार किती हवा. उत्तर मर्यादेबाहेर गेलं की मेल आपोआप सुटतो. पगाराच्या रकान्यात काय भरलं होतंत?

नीलांबरी
भरतीताई, चाळणी माणसानेच लावली, मान्य. पण माणूस एखाद्याकडे बघून चाळणी बाजूला ठेवतो, सॉफ्टवेअर ठेवत नाही. सासूबाईंच्या आजारपणात माझी तीन वर्षं घरी गेली. कोपरखैरण्यातल्या घरात मी तेव्हा जेवढं मॅनेजमेंट केलं तेवढं ऑफिसात कधी केलं नाही, पण रिझ्युमेत ती नुसती गॅप. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचर यांचा २०२१ चा अहवाल आहे, अमेरिका, ब्रिटन, जर्मनीतल्या कंपन्यांवर: जवळजवळ निम्म्या कंपन्या सहा महिन्यांहून मोठी गॅप दिसली की अर्ज बाजूला काढतात. यात कोणता कीवर्ड घालू?

आणि मशीन निष्पक्ष असतं असं कोणी म्हणू नका. अॅमेझॉनने रिझ्युमेंना गुण देणारी प्रणाली बनवायला घेतली होती. दहा वर्षांत आलेल्या रिझ्युमेंवर शिकवली, त्यात बहुतेक पुरुष. मग ती बायकांच्या क्लबचा किंवा कॉलेजचा उल्लेख दिसला की गुण कापायला लागली. शेवटी गुंडाळावी लागली. २०१८ ची बातमी.

घोडबंदरचा_राजा
एवढा काथ्याकूट कशाला? अख्खी जाहिरात पांढऱ्या अक्षरात, एक पॉइंटात, तळाला चिकटवा. माणसाला दिसत नाही, मशीनला दिसते. काम तमाम.

भरती_ओहोटी
राजे, सॉफ्टवेअर मजकूर उपसून मला दाखवतं ना, तेव्हा रंग गळून जातो. पांढरं ते सगळं काळं होऊन समोर येतं, आमच्याच जाहिरातीतल्या चुकीच्या स्पेलिंगसकट. तुमच्यासारखे दोघे-तिघे दर महिन्याला असतात. डब्याच्या वेळी करमणूक होते.

नीलांबरी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. 'कौटुंबिक जबाबदारी, २०१९ ते २०२२' अशी सरळ नोंद करा, म्हणजे वर्षांच्या साखळीत भोक राहत नाही. पण आमच्याकडे ती चाळणी कोणी लावली, हे विचारलं तर मीच लावलीय. वरून सांगितलं म्हणून.

तळ्याकाठी
हेच म्हणतोय मी. यापेक्षा ओळखीतून माणूस घेतलेला बरा. ओळख करून देणारा निदान त्याच्यासाठी शब्द तरी टाकतो.

नीलांबरी
ओळखी कोणाच्या असतात, काका? जे आधीच आत आहेत त्यांच्या.

कोपरीकर
तळ्याकाठी, पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल उतरल्याची नोंद) आणि बिल. तिन्ही जुळल्याशिवाय मी १९ वर्षांत एक पेमेंट पुढे सरकू दिलं नाही. एकदा दोन ड्रम कमी उतरले म्हणून संध्याकाळपर्यंत ट्रक गेटवर उभा ठेवला, ड्रायव्हरला चहा पाजत. फक्त त्याला थ्री-वे मॅच म्हणतात हे मला भाच्याने जाहिरात वाचून दाखवली तेव्हा कळलं. आता हा शब्द रिझ्युमेत घातला तर खोटं कुठे आलं?

भरतीताई, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली. काल लॉगिन करून तो अर्ज उघडून बघितला. रकाना वर्षाच्या पगाराचा होता, लाखांत. मी महिन्याचा आकडा टाकला होता: ६२०००. भाच्याने हिशोब करून दिला, वर्षाला ६२० कोटी होतात.