मदत हवी आहे: पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) लोगो आणताना घुबडाचे डोळे बुजतायत

नमस्कार मंडळी. गळ्यात अडकवायचा एक बॅज बनवतोय. सर्किट नावापुरतंच, दोन एलईडी आणि एक बटण सेल. बाकी सगळी शोभा. लोगो घुबडाचा. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, अक्षरं आणि रेषा पाथमध्ये (कडांच्या आकारात) बदलल्या, ती एसव्हीजी (रेषाचित्राची फाइल) कायकॅड या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. बाहेरची कड झकास आली, पण डोळ्यांच्या पोकळ्या आणि खालच्या नावातल्या 'ठ'चं पोट, सगळं गच्च भरलं! इंकस्केपमध्ये तीच भोकं नीट दिसतात. आकाराला एका बाजूने केसाएवढी चीर दिली की भोक टिकतं, पण प्रत्येक अक्षराला चिरा देत बसायचं का? बिटमॅपवरून (ठिपक्यांच्या चित्रावरून) करून पाहिलं, तर कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. ते नकोच.

दुसरं रंगांचं. सोनेरीसाठी तांब्यावरचा मास्क (बोर्डवरचा हिरवा लेप) उघडा ठेवून ईनिग फिनिश (सोन्याचा पातळ मुलामा), फिकट हिरव्यासाठी तांब्यावर मास्क, गडदसाठी तांबं काढून नुसता मास्क, पांढऱ्यासाठी सिल्कस्क्रीन (बोर्डवरची शाईची छपाई), असा माझा हिशोब आहे. मास्कचा थर उलटा असतो, म्हणजे फाइलमध्ये जिथे आकार रेखाटाल तिथला मास्क जातो, हे आधीचे बोर्ड वाया घालवून शिकलोय.

अडचण पिसांची. रेषा ०.१ मिमीच्या आहेत, सिल्कस्क्रीनवर धड उमटणार नाहीत. ०.१५ केल्या तर एकमेकींना चिकटतात. त्या तांब्यात घेतल्या तर निभावेल का? आणि मग मास्कची खिडकी (उघडी जागा) तांब्यापेक्षा मोठी ठेवायची की लहान?

कुणी असं काम केलं असेल तर सांगा, फाइल लगेच टाकतो.