दोन आकडे, दोन्ही बरोबर

वरच्या कमेंट्समध्ये सिंगापूर-न्यूयॉर्क अंतरावरून जी जुंपलीय ना, एकजण म्हणतोय ९,५०० मैल आणि दुसरा ८,३०० च्या आसपास, तर अहो दोघंही बरोबर आहात! पहिले साधे मैल आहेत, दुसरे नॉटिकल, म्हणजे जहाज-विमानवाले वापरतात ते. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा १.६०९. किमीत दोन्ही साधारण १५,३५० च्या घरात येतात.

आणि ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजायचं आधी सोडा. पृथ्वीचा गोळा घ्या, दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, दोरा उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाईल. कारण दोघांच्या रेखांशात जवळजवळ १७८ अंशांचा फरक, म्हणजे एकमेकांच्या बरोब्बर पाठीमागेच म्हणा ना. मग हिशोब तोंडी होतो: सिंगापूरपासून ध्रुव ८८.६ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्क ४९.४, बेरीज १३८, आणि एक अंश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणून गुणिले १११, झालं. (मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.)

पण विमान त्या दोऱ्यावरूनच जाईल असं नाही हां, बऱ्याचदा पॅसिफिकवरून जातं कारण तिथे जेटस्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वारा) पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, पाठीवर वारा मिळाला की हजारेक किलोमीटर जास्त पडले तरी वेळ आणि इंधन वाचतं. त्यामुळे तिकिटावरचे १८-१९ तास बघून अंतर काढायला गेलात तर फसाल.