तीन पाळ्यांच्या नोकरीत आहार आणि व्यायामाची सवय कशी टिकवावी? मदत हवी आहे

नमस्कार. मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये काम करतो आणि मोशीला राहतो. वय ४४. वार्षिक वैद्यकीय तपासणीत माझे एचबीए१सी (म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारे प्रमाण) ६.१ टक्के आले आणि कमरेचा घेर ९७ सेंटीमीटर भरला. डॉक्टरांनी सांगितले की ५.७ ते ६.४ टक्के या टप्प्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. औषधाची घाई नाही, परंतु वजन सहा-सात टक्क्यांनी उतरवा, आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चाला आणि तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा, असा त्यांचा सल्ला आहे. मधुमेहामुळे आईच्या पायाची जखम किती काळ चिघळत राहिली हे मी जवळून पाहिले असल्याने ही गोष्ट मी मनावर घेतली आहे. काय करायचे ते मला समजले आहे, ते रोजच्या रोज कसे जमवायचे हे मात्र समजत नाही.

अडचण पाळ्यांची आहे. फर्स्ट सकाळी साडेसहा ते तीन, सेकंड तीन ते साडेअकरा आणि थर्ड रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसहा, आणि दर सोमवारी पाळी बदलते. फर्स्टला कंपनीची बस पहाटे साडेपाचला नाक्यावर येते. सुटल्यावर तळेगाव चौकातील कोंडीत किती वेळ जाईल याचा काहीच नेम नसतो. सेकंडला घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. पहाटे उठून फिरायला जावे, रात्री आठच्या आत जेवावे, ठरलेल्या वेळी झोपावे, हे सर्व सल्ले रोज एकाच वेळी उठणाऱ्या माणसासाठी दिलेले असतात. एका आठवड्यात बसवलेली घडी पुढच्या सोमवारी विस्कटते.

सर्वांत कठीण असतो थर्डचा आठवडा. रात्री अडीच वाजता जेवणाची सुट्टी होते. खणांच्या स्टीलच्या ताटात मधल्या मोठ्या खणात भाताचा ढीग, शेजारी बटाट्याचा पातळ रस्सा, तीन चपात्या, तेलाचा तवंग आलेली मटकीची उसळ आणि कोपऱ्यातील लहान खणात काकडीच्या दोन चकत्या असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि २५० ग्रॅम धान्य असावे, म्हणजे निम्मे ताट भाज्या-फळांचे हवे. आमच्या ताटात नेमके उलटे होते. त्यानंतर पहाटे साडेचारला झोप आवरेनाशी होते तेव्हा यंत्रातला चहा घ्यावा लागतो, आणि त्यात साखर आधीच मिसळलेली असते.

ज्यांनी पाळ्यांमध्ये काम करून आरोग्य सांभाळले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. रात्रपाळीत मुख्य जेवण केव्हा घ्यावे? रात्रभर जागून आल्यावर व्यायाम करावा, की आधी झोपावे? आणि वेळच दर आठवड्याला बदलत असेल तर सवय कशाच्या आधाराने लावावी? पत्नी सकाळी नोकरीला जाते, त्यामुळे माझ्यासाठी तिने तीन वेळा वेगळा स्वयंपाक करावा अशी माझी अपेक्षा नाही, आणि उपायही तसे नसावेत.

प्रतिसाद

नमस्कार दादा. मी मिरजेला परिचारिका आहे आणि नोकरीची बरीच वर्षे पाळ्यांमध्येच गेली आहेत. सर्वांत आधी झोपेकडे लक्ष द्यावे, कारण झोप अपुरी राहिली की भूक वाढते, गोड खावेसे वाटते आणि बाकीचे सर्व नियम कोलमडतात. थर्डवरून आल्यावर अगदी थोडे खाऊन, खिडकीला जाड पडदा लावून आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून झोपावे. व्यायाम झोपून उठल्यावर, दुपारी किंवा संध्याकाळी करावा. जागरणाने शिणलेल्या शरीराला सकाळी पळवण्यात मला शहाणपण वाटत नाही.

मुख्य जेवण ड्यूटीला निघण्यापूर्वी, रात्री नऊ-साडेनऊला घरच्यांबरोबर घ्यावे. अमेरिकेत रात्रपाळीची नक्कल करून एक लहान प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना रात्री जेवण दिले त्यांची रक्तशर्करा वाढली, आणि जागरण तेवढेच करूनही केवळ दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. प्रयोग थोड्या माणसांवरचा असला तरी मला स्वतःला हे पटले, कारण अडीच वाजताचे पोटभर जेवण सोडल्यापासून पहाटेची गुंगी आणि आंबट ढेकरा दोन्ही कमी झाल्या. आता डब्यात फुटाणे, उकडलेले अंडे, काकडी-गाजर आणि बाटलीत बिनसाखरेचे ताक असते. डबा भरायला पाच मिनिटे लागतात आणि तो आपला आपण भरता येतो. चहा घ्यायचाच असेल तर पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यावा, नाहीतर घरी आल्यावर झोप लागत नाही. घरून चहाची पूड आणि लहान थर्मासमध्ये गरम पाणी नेले तर साखरेचा प्रश्नही सुटतो.

प्रतिसाद

मी आहारतज्ज्ञ आहे. वरील ताईंच्या सल्ल्याशी मी सहमत आहे, सवयीच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिते. सवय घड्याळाच्या वेळेला बांधण्याऐवजी रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या कृतीला बांधावी. पाळी कोणतीही असो, तुम्ही झोपून उठता, आंघोळ करता, जेवता आणि बसमधून उतरता. उठल्यावर तोंड धुऊन लगेच सूर्यनमस्कार आणि बैठका, मुख्य जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे, आणि परतताना एक थांबा आधी उतरणे, एवढे तीन दुवे पुरेसे आहेत. जेवणानंतरच्या चालण्याने वाढती रक्तशर्करा लगेच आटोक्यात राहते, म्हणून वेळ एकदाच मिळणार असेल तर तो तिथेच द्यावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी कृती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ दिवसांपर्यंत लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. म्हणून थर्डच्या आठवड्यात चालणे कमी झाले तरी ते बंद पडू देऊ नये, आणि मिनिटांची भरपाई फर्स्टच्या आठवड्यात करावी.

आहारात एकच बदल आधी करावा. भात आणि चपाती यांपैकी एका वेळी एकच घ्यावे आणि सुटलेल्या जागी उसळ व भाजी वाढून घ्यावी, उसळ मात्र वरचा तवंग बाजूला सारून. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांमध्ये आहार आणि व्यायामाने पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८.५ टक्क्यांनी घटला. त्यामुळे तुमच्या टप्प्यावरील प्रयत्न वाया जाणारे नाहीत. पुढे औषध सुरू झाले, तर मात्र जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

कॅन्टीनबद्दलही बोलायला हवे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मोठ्या कारखान्यांत कॅन्टीनची तरतूद केली, तेव्हा त्याच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधींचा सहभागही मान्य केला होता. तुमच्याकडे कॅन्टीन समिती असेल तर बिनसाखरेचा चहा आणि रोज एक कच्ची कोशिंबीर एवढीच मागणी आधी मांडावी. या दोन गोष्टींना खर्च फारसा येत नाही आणि लाभ सगळ्या पाळ्यांना होतो.

मूळ प्रश्नकर्ता

ताई, आणि आहारतज्ज्ञ मॅडम, आपले दोघींचे मनापासून आभार. नऊ वाजता घरी जेवून निघणे मला सहज शक्य आहे, आणि मुलेही त्या वेळी घरी असतात. कॅन्टीन समितीवर आमच्या विभागाचे एक सहकारी आहेत, त्यांच्याशी चहाविषयी बोलतो.

सेकंडचा प्रश्न मात्र अजून उरतो. त्या आठवड्यात कॅन्टीनचे जेवण संध्याकाळी साडेसातला होते आणि घरी पोहोचेपर्यंत साडेबारा वाजतात, तेव्हा कडकडून भूक लागलेली असते. उपाशी झोपलो तर झोप लागत नाही, आणि पोळी-भाजी खाल्ली तर पुन्हा मध्यरात्रीचे जेवण होते. अशा वेळी कपभर दूध किंवा वाटीभर मुगाचे कढण घेणे चालेल का, की बसमध्ये बसतानाच, साडेअकराला, डब्यातले फुटाणे संपवून घरी काहीच खाऊ नये? ज्यांची पाळी याच वेळेला सुटते, त्यांनी स्वतः काय करतात ते कृपया कळवावे.