नाताळला घरी उपकारस्तुतीची सभा आणि तीस जणांचं मटण: कसं बसवावं?

वानवडीची_सून:
२५ डिसेंबरला संध्याकाळी घरी तीस जण जमतील, त्यात सहा लहान मुलं. सासरचे प्रोटेस्टंट, जाऊबाईंच्या माहेरचे कॅथलिक आणि नणंदेच्या सासरची पाच माणसं हिंदू, त्यातली तिघं शाकाहारी. फराळाची नि केकची सोय झाली आहे. अडलंय दोन ठिकाणी. जेवणाआधी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची प्रार्थनासभा, ठेवायची आहे, ती लांबू नये आणि कुणाला अवघडल्यासारखंही होऊ नये. दुसरं म्हणजे मटण घरीच करायचंय, तर किती आणि कसं? घरात तीन बर्नरची शेगडी आणि साडेसात लिटरचा कुकर आहे.

पेटीवाला_गुरुवार_पेठ:
ताई, सभा चाळीस मिनिटांची धरा आणि सातला म्हणजे सातलाच सुरू करा. पुण्याच्या कॅम्पातून येणाऱ्यांना लवकर निघायला सांगा, त्या संध्याकाळी महात्मा गांधी रस्त्याच्या बाजूला तुडुंब गर्दी असते.

आधी एक गीत. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजनं अभंगाच्या चालीची असल्यामुळे पेटी आणि टाळ एवढ्यावर भागतं, आणि हिंदू पाहुण्यांनाही त्यात सूर लावता येतो. पट्टी ठरवताना धृपद गाऊन बघू नका, अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर गाऊन बघा. तिथे आवाज फाटला तर दोन पट्ट्या खाली या. नाहीतर दुसऱ्या कडव्याला निम्मं घर गप्प होतं.

मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली ८ ते २० ही वचनं मुलांनी वाचावीत. ‘बाळंत्याने गुंडाळलेले’, ‘गव्हाणीत’ या शब्दांवर मुलं हमखास अडखळतात, तेव्हा कागद आठवडाभर आधी हातात द्या.

त्यानंतर बायबलमधलं स्तोत्र १३६. एकाने ओळ वाचायची, बाकीच्यांनी ‘त्याची दया सनातन आहे’ म्हणायचं. पुस्तक नसलं तरी सगळ्यांना भाग घेता येतो. वचनं २६ आहेत, सगळी नको. १ ते ९ आणि २३ ते २६ घ्या. मधल्या भागात मिसरातले (इजिप्तमधले) प्रथमजन्मलेले आणि मारलेले राजे येतात, ते त्या संध्याकाळी लहान मुलांपुढे नको. २५ व्या वचनात देव सर्वांना अन्न देतो असं आहे, तिथून पानांकडे वळणं सोपं जातं.

खरी वेळ खातात ती माणसांची दोन शब्द बोलण्याची पाळी. पहिला बोलणारा पाच मिनिटं बोलला की पुढचे सगळे तेवढंच बोलतात. म्हणून पहिला माणूस आधीच ठरवा आणि त्याला एकच वाक्य बोलायला सांगा, तेही नेमकं: ‘बाबांचं ऑपरेशन सुखरूप झालं, त्याबद्दल प्रभूचे आभार.’ उपकारस्तुती वेगळी, साक्ष (देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सविस्तर सांगणं) वेगळी. साक्षी सुरू झाल्या की नऊ वाजतात, आणि पाहुण्यांना आपल्याला ऐकवण्यासाठीच हे चाललंय असं वाटू शकतं. नणंदेच्या सासरी फोन करून सरळ सांगा: प्रार्थनेला बसा, बोलायलाच पाहिजे असं नाही. ज्यांना बोलायचं नसेल त्यांनी चिठ्ठी लिहून डब्यात टाकावी, एकाने सगळ्या वाचाव्यात.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांची प्रार्थना.

खडकीवाले:
वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो. शेवटी सगळे मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणणारच. घरच्या प्रार्थनेत कॅथलिक मंडळी ‘वाइटापासून सोडव’ इथे थांबून आमेन म्हणतात. प्रोटेस्टंट पुढे ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ म्हणत जातात. मग अर्धी खोली आमेन म्हणते, अर्धी बोलत राहते आणि मुलं हसतात. कुठवर म्हणायचं ते प्रार्थना सुरू करण्याआधी सांगा. शब्दही दोन्हींकडे थोडे वेगळे आहेत, तेव्हा एकच पाठ छापून वाटलेला बरा.

कोंढव्याची_मावशी:
मटणाचं ऐक गं. शाकाहारी वगळून मोठी माणसं एकवीस. मोठ्याला हाडासकट पाव किलो, मुलाला त्याच्या निम्मं, म्हणजे सहा किलो. मांडी आणि खांदा मिसळून घे, नुसत्या मांडीच्या रश्श्याला चव कमी येते. २५ ला सकाळी उपासना आणि दुकानात रांग, म्हणून २४ लाच आण. मीठ, हळद, आलं-लसूण लावून फ्रीजमध्ये ठेव.

वाटणाला कांदा दोन किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, लसूण पाव किलो, आलं दीडशे ग्रॅम, कोथिंबीर दोन जुड्या. खोबरं मंद आचेवर बदामी होईपर्यंतच भाज. काळं पडलं की सगळा रस्सा कडवट होतो आणि मग त्यावर इलाज नाही. वाटण २४ लाच करून ठेव.

तुझ्या कुकरात एका वेळी दोन किलोच, म्हणजे तीन खेपा. दुपारी बाराला सुरुवात कर. पाणी उकळतं घाल. मग सगळं एका मोठ्या टोपात वाटणाबरोबर उकळायचं. घरची आच टोपाच्या मध्यावरच लागते आणि वाटण तिथेच धरतं, म्हणून खाली जाड तवा ठेव. मटणाला मीठ आधीच लागलेलं असतं, रश्श्याचं मीठ शेवटी चाखूनच घाल.

तांदूळ अडीच किलो पुरे, भाकरी असेल तर दोन. शाकाहाऱ्यांची उसळ मटणाआधी कर, तिची पळी वेगळी आणि टेबलही वेगळं.

उरलेला रस्सा टोपातच झाकून ठेवू नको. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो नि सकाळपर्यंत आंबतो. पसरट भांड्यांत काढ, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये.

वानवडीची_सून:
फार मदत झाली. एक राहिलं. सासरे याच वर्षी गेले. सासूबाईंची बोलायची पाळी आली की काय करावं?

पेटीवाला_गुरुवार_पेठ:
त्यांना आधी एकट्या गाठून विचारा, सगळ्यांसमोर नको. बोलायचं नसेल तर चिठ्ठीच्या डब्याचं काम त्यांच्याकडे द्या, म्हणजे पाळी चुकवल्यासारखं होणार नाही. सासऱ्यांचं नाव प्रार्थनेत जरूर घ्या. न घेतलं तर टाळल्याचं सासूबाईंच्या लक्षात येतं. ‘देवाची इच्छा’, ‘बऱ्यासाठीच’ असली वाक्यं कुणी बोलणार नाही हे मात्र बघा. उपकार मानायचे ते सासऱ्यांच्या आयुष्याबद्दल, त्यांच्या जाण्याबद्दल नव्हे. सासऱ्यांना आवडणारं गीत असेल तर तेच पहिलं घ्या, आणि ते सासूबाईंच्या पट्टीत.