टेस्ट फोन निवडणारी शेल स्क्रिप्ट: विचारणारी असावी की सांगितले तेवढेच ऐकणारी?

गोदाकाठ, नांदेड

आमचे अँड्रॉइड ॲप मोंढ्यातल्या आडत दुकानांत हिशोबपट्टी करण्यासाठी वापरले जाते. टेस्टिंगच्या टेबलावर यूएसबी हबला काही फोन कायम लागलेले असतात आणि बहुधा एखादा एम्युलेटरही (संगणकावरचा आभासी फोन) चालू असतो. एकाहून अधिक उपकरणे जोडलेली असताना कोणते हवे ते सांगितले नाही, तर एडीबी (संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणारे साधन) तक्रार करून थांबते. त्यावर तोडगा म्हणून अनेक ठिकाणी एक छोटी स्क्रिप्ट (एकामागून एक आज्ञा चालवणारी फाइल) वापरली जाते, जी ‘एडीबी डिव्हायसेस’ या आज्ञेने मिळणाऱ्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतली पहिली ओळ उचलते आणि तिच्यातला सिरियल क्रमांक पुढच्या प्रत्येक आज्ञेला जोडते. ही पद्धत बंद व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

कारण साधे आहे. तक्रार तपासण्यासाठी एखाद्या आडत्याचा रोजच्या वापरातला फोन टेबलावर येतो, आणि नेटवर्क नसल्यामुळे सर्व्हरवर न गेलेल्या सोयाबीनच्या पट्ट्या त्यात साठलेल्या असतात. स्क्रिप्टमध्ये ‘पीएम क्लिअर’ ही ॲपचा सगळा डेटा पुसणारी आज्ञा असेल आणि यादीत तो फोन वर असेल, तर त्या पट्ट्या जातात आणि परत येत नाहीत. म्हणून एकच फोन जोडलेला असेल तर स्क्रिप्टने तो घ्यावा, आणि एकाहून अधिक असतील तर मॉडेलचे नाव व अँड्रॉइडची आवृत्ती दाखवून विचारावे. बॅश या शेलमधील (टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ‘सिलेक्ट’ त्यासाठी पुरेसे आहे; त्याचा मेनू स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका दाखवण्याच्या वेगळ्या प्रवाहावर, छापला जातो, त्यामुळे निवडलेला सिरियल स्टँडर्ड आउटपुटवरून स्वच्छ उचलता येतो.

जुना मोंढा, परभणी

दुखणे आपण अचूक सांगितले आहे, परंतु औषधाशी मी असहमत आहे. दिवसभर तोच मेनू समोर येत राहिला, की माणूस तो वाचायचे सोडून देतो आणि बोट आपोआप एक या आकड्यावर जाते. नवा फोन जोडला की क्रमांक बदलू शकतात, पण बोटाची सवय बदलत नाही. म्हणजे पहिली ओळ उचलण्याचे काम स्क्रिप्टकडून माणसाकडे आले, एवढाच फरक पडतो.

एडीबी ‘अँड्रॉइड सिरियल’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये नाव देऊन साठवलेली, प्रोग्रामला वाचता येणारी किंमत) स्वतःच वाचते. टर्मिनल उघडल्यावर ते एकदा भरावे. त्या खिडकीतल्या सर्व आज्ञा त्याच फोनवर जातील, आणि वेगळा सिरियल ‘वजा एस’ या पर्यायाने दिला तर तो वरचढ ठरेल. ते भरलेले नसेल तर स्क्रिप्टने काहीही न विचारता चूक दाखवून थांबावे. रात्री आपोआप चालणाऱ्या टेस्टसमोर उत्तर द्यायला कोणी बसलेले नसते; तिथे विचारणारी स्क्रिप्ट सकाळपर्यंत ताटकळत राहते.

टेस्टिंगवाली, लातूर

टर्मिनलपेक्षा फोन जास्त हाताळणाऱ्यांच्या बाजूने मी लिहीत आहे. सोळा अक्षरी सिरियल पाठ करून व्हेरिएबलमध्ये भरणे आमच्याकडून होणार नाही. आम्ही तो कुठल्या तरी जुन्या टिपणातून उतरवून घेऊ, आणि त्या टिपणातला फोन आता कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसेल. ‘एडीबी डिव्हायसेस’ला ‘वजा एल’ दिल्यावर यादीत मॉडेलचे नाव येते. ते नाव वाचूनच हातातला फोन आणि पडद्यावरची ओळ यांची गाठ पडते, म्हणून मेनू हवाच.

मात्र गोदाकाठ यांच्या ‘एकच असेल तर घ्यावा’ या वाक्याबद्दल एक इशारा देते. स्क्रिप्टला एकच फोन दिसणे आणि टेबलावर एकच फोन जोडलेला असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. यादी ‘व्हाइल रीड’ या लूपने ओळीओळीने वाचत, प्रत्येक फोनची आवृत्ती विचारण्यासाठी आत ‘एडीबी शेल’ चालवले, तर ते स्टँडर्ड इनपुटमधल्या, म्हणजे लूप वाचत असलेल्या यादीतल्या, उरलेल्या ओळी गिळून टाकते. लूप पहिल्याच फोननंतर संपतो, स्क्रिप्टला वाटते की एकच फोन आहे, आणि ती न विचारता तो घेते! ‘एडीबी शेल’ला ‘वजा एन’ देणे किंवा त्याचे इनपुट डेव्ह-नल या कायम रिकाम्या फाइलकडून घेणे हा त्यावरचा उपाय आहे.

दुसरे असे की ‘डिव्हाईस’ शब्दावर ग्रेप (शब्द असलेल्या ओळी शोधणारी आज्ञा) लावणाऱ्या स्क्रिप्टमध्ये यादीच्या मथळ्याची ओळही सापडते. स्थितीच्या रकान्यात नेमके ‘डिव्हाईस’ आहे का, हेच पाहावे. ‘अनऑथराइज्ड’ आणि ‘ऑफलाइन’ फोन निवडीतून वगळावेत, पण पडद्यावर जरूर दाखवावेत. अन्यथा फोनवरची परवानगीची चौकट कोणी स्वीकारलेली नाही, हे कळायला अर्धा तास जातो.

गोदाकाठ, नांदेड

लूपचा मुद्दा मला निर्णायक वाटतो, तो स्क्रिप्टच्या पहिल्याच दुरुस्तीत यायला हवा. परभणीकरांचा रात्रीच्या टेस्टविषयीचा आक्षेपही रास्त आहे: स्टँडर्ड इनपुट टर्मिनलला जोडलेले नसेल तर विचारू नये, शून्याखेरीज दुसरा, म्हणजे अपयश सांगणारा, एक्झिट कोड देऊन थांबावे. तथापि, माणूस समोर बसलेला असताना त्याला नावे न दाखवता परत पाठवणे मला मान्य नाही. सवयीच्या बोटाला आवर घालायचा असेल, तर डेटा पुसणाऱ्या किंवा ॲप काढणाऱ्या आज्ञेपूर्वी आकड्याऐवजी मॉडेलचे नाव टंकायला लावावे. तेवढा त्रास तिथे योग्यच आहे.

आणखी एक विनंती अशी की ‘मॅपफाइल’ (सगळ्या ओळी एकदम वाचून घेणारी बॅशची आज्ञा) वापरू नये. ते बॅश ४ पासून आले, आणि मॅकबरोबर येणारे बॅश अजून ३.२ वरच आहे.

जुना मोंढा, परभणी

नाव टंकण्याची सूचना चांगली आहे, परंतु एकाच मॉडेलचे दोन फोन जोडलेले असतील तेव्हा ती अपुरी पडेल. तिथे सिरियलची शेवटची चार अक्षरेही मागावीत. शिवाय एकच फोन केबल आणि वायफाय या दोन्हींनी जोडला, की यादीत तो दोनदा येतो, कारण वायफायच्या ओळीत सिरियलच्या जागी बहुधा पत्ता आणि पोर्ट असतो. दोन्ही ओळींसाठी ‘गेटप्रॉप’ या फोनची माहिती सांगणाऱ्या आज्ञेने ‘आरओ डॉट सिरियलनो’ विचारले तर उत्तर एकच येते, त्यावरून त्या एकत्र करता येतील. काही स्वस्त फोनांत मात्र शून्यापासून सुरू होणारा तोच ठरावीक सिरियल असतो. अशा दोन फोनांना वेगळे करण्यासाठी ट्रान्सपोर्ट आयडी (एडीबी प्रत्येक जोडणीला देते तो क्रमांक) आणि ‘वजा टी’ वापरावे लागते. केबल काढून लावली की तो आयडी बदलतो, म्हणून तो फाइलमध्ये साठवू नये. रोजच्या कामासाठी व्हेरिएबल भरण्याचा माझा आग्रह कायम आहे.